पेपरच्या शेवटचा तो एक परिच्छेद

एआयचे रिसर्च पेपर अधूनमधून चाळत असाल तर 2024 पासूनच्या बऱ्याच पेपरांच्या शेवटी एकच मजकूर परत परत दिसेल तुम्हाला. मराठीत सांगायचं तर साधारण असा, की "या पेपरमागचा उद्देश मशीन लर्निंगचं क्षेत्र पुढे नेणं हा आहे. आमच्या कामाचे समाजावर बरेच परिणाम होऊ शकतात, पण त्यातला कुठलाही इथे मुद्दाम सांगायला हवा असं आम्हाला वाटत नाही." पेपर कशावरचाही असो, लेखक चीनमधले असोत नाहीतर कॅनडातले, वाक्यं तीच. मी पहिल्यांदा हे लागोपाठ तीन-चार पेपरांत बघितलं तेव्हा वाटलं एकमेकांचं उतरवलंय. तसं नव्हतं. ही वाक्यं आयसीएमएल नावाच्या मोठ्या कॉन्फरन्सने स्वतःच लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये देऊन ठेवली होती, म्हणजे तुमच्या कामात खास सांगण्यासारखं काही नसेल तर एवढं टाका, पुष्कळांच्या बाबतीत तेवढं पुरेल.

आता हा परिच्छेद मुळात असतो कशासाठी, तो लिहायला कुणी लावला आणि लिहायला लावल्यावर संशोधकांनी काय काय केलं हे जरा नीट सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एकतर हे सगळे शास्त्रज्ञ बेफिकीर आहेत नाहीतर हा सगळा देखावा आहे, आणि माझ्या मते दोन्ही खरं नाही. मी स्वतः असे परिच्छेद लिहिलेत, आणि पुढे त्यांच्या जागी आलेली प्रश्नांची चेकलिस्ट भरताना मला आमच्याच कामाची चूक कळली, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी या क्षेत्राची रीत समजून घ्या. बाकीच्या बऱ्याच विज्ञानात मोठं काम जर्नलमध्ये छापतात, एआयमध्ये ते कॉन्फरन्सला पाठवतात. न्यूरिप्स, आयसीएमएल, भाषेच्या कामासाठी एसीएल वगैरे. वर्षातून एकदा डेडलाईन, त्या दिवशी हजारोंनी पेपर येतात, अनोळखी रिव्ह्युअर ते वाचतात आणि ठेवायचं की नाही ते ठरतं. 2020 ला न्यूरिप्सकडे साधारण साडेनऊ हजार पेपर आले आणि घेतले एकोणीसशे. म्हणजे पाचातले चार बाहेर. ज्याचा पेपर लागतो त्याला नोकरी, पीएचडीची जागा, व्हिसा, सगळं सोपं होतं, त्यामुळे पेपरमधली एकेक ओळ "रिव्ह्युअरला काय वाटेल" या भीतीपोटी लिहिलेली असते. हे डोक्यात असू द्या, पुढचं सगळं यावरच आहे.

आता तुम्ही म्हणाल की संशोधनाच्या नैतिकतेचं बघायला एथिक्स कमिटी असते ना. असते. मेडिकलमधे तर हवीच, आपल्याकडे आयसीएमआरची 2017 ची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2023 मध्ये त्यांनी आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी काढली. अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनाबद्दलचा 1979 चा बेलमाँट रिपोर्ट आणि त्यातून आलेले नियम. पण या सगळ्या व्यवस्थेचा पाया असा की ज्या माणसावर प्रयोग होतोय त्याला इजा होऊ नये, त्याला नीट सांगून त्याची संमती घेतलेली असावी. एआयवाल्याचा प्रयोग कुणावर होतो? त्याच्यासमोर माणूसच नसतो. तो इंटरनेटवरून दहा लाख फोटो उतरवतो, मॉडेल शिकवतो, आकडे छापतो. आणि ज्याला त्रास व्हायचा तो प्रयोगात नसतोच, तो पाच वर्षांनी कुठल्यातरी शहरात रस्त्यावरून चालत असतो आणि कॅमेरा त्याला चुकून भलताच माणूस म्हणून ओळखतो. अमेरिकेच्या नियमात तर चक्क लिहिलंय की संशोधनातून मिळालेलं ज्ञान पुढे वापरल्याने लांब पल्ल्याचे काय परिणाम होतील ते कमिटीने धोक्यात धरू नये. म्हणजे कमिटी आपलं काम विसरली असं नाही, हे तिचं कामच नाही असं ठरवून ठेवलेलं.

याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एमआयटीत 2008 ला आठ कोटी छोट्या फोटोंचा एक संच बनवला होता, 32 बाय 32 पिक्सेलचे फोटो, टिकलीएवढे. शब्दांच्या एका मोठ्या यादीतून नामं घ्यायची, ती सर्च इंजिनमधे टाकायची, जे फोटो येतील ते त्या शब्दाखाली ठेवायचे, सगळं आपोआप. यादीत वंशावरून दिलेल्या शिव्या होत्या, बायकांना उद्देशून असलेले घाणेरडे शब्द होते, तेही लेबल म्हणून गेले आणि त्याखाली खऱ्या माणसांचे फोटो लागले. बारा वर्षं हा संच जगभर वापरला गेला. 2020 मध्ये विनय प्रभू आणि अबेबा बिरहाने या दोघांनी तो उघडून बघितला, लिहिलं, आणि मग एमआयटीने तो काढून टाकला, लोकांनाही विनंती केली की वापरू नका. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, फोटो इतके छोटे आणि इतके जास्त की हाताने तपासणं शक्यच नव्हतं असं ते म्हणाले, आणि ते खरंही आहे. पण बारा वर्षांत कुठल्याही टप्प्यावर "यात काय काय आहे ते बघितलंत का" हा प्रश्न विचारायची जागाच नव्हती ना.

ती जागा करा असं 2018 च्या मार्चमध्ये ब्रेंट हेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं, हे एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या जुन्या संघटनेतले तरुण संशोधक. त्यांचं म्हणणं साधं होतं. पेपरमध्ये आपण फायदे रंगवून लिहितोच, मग तोटेही लिहा, आणि रिव्ह्युअरने ते बघावं. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तोटे आहेत म्हणून पेपर नाकारा असं ते म्हणत नव्हते, तोटे लपवले असतील तर बोला असं म्हणत होते. बरीच चर्चा झाली, विरोधही झाला, आणि मग फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूरिप्सने सांगून टाकलं की यावर्षी प्रत्येक पेपरमध्ये "ब्रॉडर इम्पॅक्ट" नावाचा भाग हवाच, त्यात कामाची नैतिक बाजू आणि समाजावर पुढे होणारे परिणाम लिहायचे, चांगले आणि वाईट दोन्ही. पानांच्या मर्यादेत तो धरणार नाही. तुमचं काम अगदीच कागदावरचं गणित असेल तर लागू नाही असं लिहिलंत तरी चालेल. आणि पेपर तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगला असला तरी नैतिक कारणाने नाकारला जाऊ शकतो.

हे जाहीर झालं त्याच दिवसांत ट्विटरवर एकाने विचारलं की असा कुठला पेपर आहे जो केवळ परिणामांचा विचार करून माणसाने पाठवूच नये? त्यावर जोसेफ रेडमनने उत्तर दिलं. रेडमन म्हणजे योलो बनवणारा. तुमच्यापैकी कुणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं असेल तर योलो माहिती असेलच, फोटोत गाडी कुठे, माणूस कुठे, कुत्रा कुठे हे एका झटक्यात ओळखणारं मॉडेल, आपल्याकडे फायनल इयरला हेल्मेट घातलंय का नाही ओळखणारं प्रोजेक्ट करतात त्यातली बरीच योलोवरच उभी असतात. तर रेडमन म्हणाला की मी कॉम्प्युटर व्हिजनमधलं संशोधन थांबवलंय, काम मला खूप आवडायचं, पण लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणाचे प्रश्न याकडे दुर्लक्ष करणं शेवटी अशक्य झालं. इतक्या नावाजलेल्या माणसाने हे उघडपणे म्हणणं साधं नव्हतं. मला त्याचा आदर वाटतो, पण एक गोष्टही जाणवते, तो थांबला तरी योलो थांबलं नाही, दुसऱ्या लोकांनी त्याच्या पुढच्या आवृत्त्या काढल्या आणि अजून निघतायत. म्हणजे एकट्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी कितीही जागी असली तरी तेवढ्याने हा प्रश्न सुटणारा नाही.

मग बाकीच्या हजारो लोकांनी काय केलं? जूनच्या सुरुवातीला डेडलाईन होती, जग लॉकडाऊनमध्ये, आणि लोकांना आयुष्यात पहिल्यांदा "तुमच्या कामाने कुणाचं वाईट होईल" यावर लिहायचं होतं. नंतर बऱ्याच जणांनी हे परिच्छेद गोळा करून अभ्यासले, एका गटाने तर तीनशे परिच्छेद घेऊन एकेक वाक्य तपासलं. त्यातून आणि मी स्वतः वाचलेल्यांमधून जे दिसतं ते सांगते.

बऱ्याच जणांनी "लागू नाही" लिहिलं, मुख्यतः थिअरीवाल्यांनी. याला मी लगेच पळवाट म्हणणार नाही. समजा कुणी सिद्ध केलंय की अमुक पद्धतीचं गणित तमुक पायऱ्यांत उत्तरापर्यंत पोचतं. आता त्याने काय लिहावं? ते गणित कॅन्सर शोधणाऱ्या मॉडेलमध्येही जाईल आणि क्षेपणास्त्रातही, पण ते तर वजाबाकीबद्दलही म्हणता येईल. त्याला परिणामांबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त काहीच माहिती नाही, आणि माहिती नसताना अर्धं पान भरण्यापेक्षा "नाही" म्हणणं जास्त प्रामाणिक आहे. अडचण ही की त्याच शब्दांमागे असे लोकही लपले ज्यांचं काम अजिबात कागदावरचं नव्हतं.

दुसरा मोठा गट म्हणजे फायदेच फायदे लिहिणारा. आमच्या पद्धतीने वीज वाचेल, डॉक्टरांना मदत होईल, गरीब देशांना उपयोग होईल, आणि शेवटी एक ओळ की अर्थात कुठल्याही तंत्रज्ञानाचा गैरवापर होऊ शकतो. हे वाचून राग येतो खरा, पण जरा त्यांच्या जागी बसून बघा. पाचातले चार पेपर बाहेर जाणारेत, वाचणारा तुमच्या पेपरमधलं व्यंगच शोधत बसलाय, आणि तुम्हाला सांगितलंय की तुमच्या कामातली खोट तुम्हीच लिहून द्या. स्थळ बघायला आलेल्या लोकांपुढे आपल्या पोराचे दोष आपणहून कोण वाचून दाखवतो? न्यूरिप्सने सांगितलं होतं की केवळ या परिच्छेदावरून पेपर नाकारणार नाही, पण लेखकाचा त्यावर विश्वास बसायला काही अनुभव लागतो, आणि हे तर पहिलंच वर्ष होतं.

तिसरी गोष्ट बारीक आहे पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांनी तोटे लिहिले त्यातल्या बऱ्याच जणांनी ते टाळायची जबाबदारी दुसऱ्याकडे ढकलली. मॉडेल वापरणाऱ्या कंपनीने काळजी घ्यावी, सरकारने कायदे करावेत, पुढच्या संशोधकांनी यावर काम करावं. वाक्यरचनाच अशी असते की कर्ता सापडत नाही, "काळजी घेतली गेली पाहिजे", कुणी घ्यायची ते नाही. आणि कंपनीवाला काय म्हणतो, हे तर सगळं छापून आलेलं संशोधन आहे, आम्ही फक्त वापरलं. म्हणजे चेंडू सतत हवेत.

आणि मग ज्यांनी खरंच मन लावून लिहिलं ते. त्यात मोठ्या कंपन्यांचे मोठे गट होते, जसं जीपीटी-3 चा, म्हणजे चॅटजीपीटीच्या आधीच्या ओपनएआयच्या भाषेच्या मॉडेलचा पेपर, त्याच वर्षीच्या न्यूरिप्सच्या सर्वोत्तम पेपरांपैकी एक. त्यात त्यांनी गैरवापर, पक्षपात, वीज यावर लांबलचक लिहिलंय, नुसतं म्हटलं नाही तर मोजून दाखवलं, की आपलं मॉडेल इस्लामबद्दल लिहिताना हिंसा, दहशतवाद असले शब्द बाकी धर्मांपेक्षा जास्त वेळा आणतं. एकतीस लेखक होते त्या पेपरला. ज्या पेपरला एक विद्यार्थी आणि एक गाईड आहेत त्यांच्याकडून हीच अपेक्षा करणं कितपत बरोबर आहे हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो आजही सुटलेला नाही.

पण छोट्या गटानेही नीट लिहिलेलं एक उदाहरण आहे आणि ते मी विसरू शकत नाही. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या जोनाथन हो, अजय जैन आणि पीटर अबील या तिघांचा डिफ्युजन मॉडेलवरचा पेपर आला. आज शब्द टाईप करून चित्र काढून देणारी जी टूल्स आहेत त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हे काम आहे. तेव्हा हे छोटे छोटे चेहऱ्यांचे, मांजरांचे, चर्चचे फोटो बनवत होतं, बस. आणि त्या पेपरच्या शेवटच्या ब्रॉडर इम्पॅक्टमध्ये काय लिहिलंय बघा. राजकीय हेतूने प्रसिद्ध व्यक्तींचे खोटे फोटो आणि व्हिडिओ बनवता येतील. असे फोटो आधीही हाताने बनायचे पण आमच्या मॉडेलसारख्या गोष्टींमुळे ते सोपं होईल. आज मशीनने बनवलेल्या फोटोत बारीक दोष असतात म्हणून ते पकडता येतात पण मॉडेल सुधारली की पकडणं कठीण होईल. इंटरनेटवरच्या डेटातले पूर्वग्रह यात उतरतील, आणि असे बनवलेले फोटो इंटरनेटवर पसरले की ते पूर्वग्रह अजून घट्ट होतील. हे 2020 मध्ये. ऑगस्ट 2022 ला स्टेबल डिफ्युजन हे याच पद्धतीचं चित्रं काढणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं झालं, मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला खोटा फोटो जगभर फिरला, लाखो लोकांना तो खरा वाटला. जवळजवळ प्रत्येक ओळ खरी ठरली.

म्हणजे लोकांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, नीट लिहिलंही होतं, छापूनही आलं होतं. मग झालं काय त्या परिच्छेदाचं? काही नाही. कारण तो कुणाच्या नावाने लिहिलेलाच नव्हता. रिव्ह्युअरने वाचला, ठीक आहे म्हटलं, पुढे गेला. लेखकांनी तरी काय करायचं, काम झालेलं, कोड बाहेर, पेपर तयार. तो परिच्छेद बांधून झालेल्या इमारतीवर लावलेल्या पाटीसारखा होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं मूळ दुखणं इथेच आहे, प्रश्न योग्य होता पण सगळं झाल्यावर विचारला.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी कॉलेजात असताना आम्ही तिघांनी मराठी सोशल मीडियावरच्या शिवीगाळीच्या कमेंट गोळा करून त्या ओळखणारं मॉडेल बनवायचं ठरवलं. काम गरजेचं आहे, पुण्यातल्या एल3क्यूबच्या लोकांनी महाहेट नावाचा पंचवीस हजारांवर मराठी ट्वीटचा संच काढलाय तो याच प्रकारचा, कारण इंग्रजीतल्या शिव्या ओळखणारी मॉडेल मराठीतला टोमणा ओळखत नाहीत. तर आम्ही कमेंट जमवल्या आणि प्रत्येकीवर लेबल लावायला ज्युनिअर मुलामुलींना बसवलं, महिनाभर, रोज दोन-तीनशे. पैसे नव्हते, सर्टिफिकेट देऊ म्हटलं, आणि सगळे खुशीने तयार झाले. पुढे पेपर पाठवायच्या दिवशी पेपरसोबत द्यायची नैतिकतेच्या प्रश्नांची चेकलिस्ट भरायला घेतली. ही डेडलाईन जगातल्या सगळ्यात मागच्या घड्याळाप्रमाणे रात्री बाराला संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, तर चार वाजले होते. प्रश्न आला, लेबल लावणाऱ्यांना कसं निवडलं, किती पैसे दिले, ते राहतात तिथल्या मानाने ते पुरेसे होते का. पुढचा प्रश्न, काम देताना धोक्याची सूचना दिली होती का. पुढचा, एथिक्स कमिटीची परवानगी होती का. कॉलेजात अशी कमिटीच नव्हती. मी त्या ज्युनिअरपैकी एकीला फोन केला, सहज विचारलं की तुला त्रास झाला का गं, आणि ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, ताई, रात्री झोपायला आडवी झाले की तेच शब्द डोक्यात येतात, आणि त्यातल्या अर्ध्या शिव्या माझ्या जातीवरच्या होत्या.

त्यावर मी काय करणार होते? महिना होऊन गेला होता. मी त्या रकान्यात लिहिलं की लेबल लावणारे स्वेच्छेने सहभागी झाले होते. खोटं नव्हतं ते. साडेपाचच्या आत पेपर गेला. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली, पण तो प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला असता तर आम्ही तिला आधी सांगितलं असतं, रोजच्या कमेंट कमी ठेवल्या असत्या, नको म्हणायची मोकळीक दिली असती, त्यासाठी पैसेसुद्धा लागत नव्हते.

ही चेकलिस्ट कुठून आली तेही सांगते. न्यूरिप्सने एका वर्षातच, 2021 मध्ये, वेगळ्या परिच्छेदाची सक्ती काढून त्याऐवजी प्रश्नांची यादी आणली. समाजावरच्या वाईट परिणामांबद्दल लिहिलंय का, डेटा कुणाचा, परवानगी होती का, माणसांकडून काम करून घेतलं तर मोबदला किती. हो, नाही किंवा लागू नाही, आणि कारण. "नाही" असं उत्तर दिलं म्हणून लगेच पेपर नाकारत नाहीत, पण 2024 पासून यादीच जोडली नाही तर रिव्ह्यूला न पाठवताच परत. भाषेवर काम करणाऱ्या एसीएलच्या मंडळींनी 2022 च्या सुमारास आपली वेगळी यादी केली आणि कामाच्या मर्यादा लिहायचा भागही सक्तीचा केला. मला विचाराल तर परिच्छेदापेक्षा यादी बरी, कारण "समाजावर परिणाम काय" या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येतं, "किती रुपये दिले" याला देता येत नाही. पण यादीचा तोटाही तोच, टिक मारायची सवय लागते. आणि जे यादीत नाही ते डोक्यातही येत नाही.

संशोधकांची या सगळ्याबद्दलची तक्रार एका वाक्यात पकडायची तर 2023 ला आलेल्या एका अभ्यासाचं नावच बघा, त्यात कॉम्प्युटर सायन्सच्या संशोधकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि नावातच एक अर्धं वाक्य ठेवलंय, "ते महत्त्वाचं आहे, पण…". त्या "पण"च्या पुढे सगळं येतं. वेळ नाही. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. भविष्य सांगणं हे आमचं काम नाही. माझ्या गाईडला यात रस नाही. आणि एक जण नको म्हणाला तर दुसरा करणारच आहे. यातली एकही गोष्ट मला बहाणा वाटत नाही, शेवटचं सोडून. शिकवलं नाही हे तर अगदी खरं, मी चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मॅट्रिक्स शेकडो वेळा गुणले, पण एखाद्याची संमती कशी घ्यायची हे एकदाही शिकले नाही.

हाच प्रश्न आधी विचारला तर काय होतं याचा एक खरा प्रयोग झालाय. स्टॅनफर्डमध्ये 2020 ला त्यांच्या एआय इन्स्टिट्यूटने निधी देताना एक अट घातली. निधीसाठी अर्ज करताना एक-दोन पानांत लिहायचं की तुमच्या कामाने समाजाला काय धोका होऊ शकतो आणि तुम्ही त्यासाठी प्रकल्पातच काय बदल कराल. हे वाचायला वेगवेगळ्या विषयांतले लोक, मानववंशशास्त्र, वैद्यकीय नैतिकता, राज्यशास्त्र, कॉम्प्युटर. ते लगेच पास-नापास करत नाहीत, उलट लिहून पाठवतात की तुम्ही हे धरलं नाही, अमुक समाजाच्या लोकांशी आधी बोलला का, आणि गरज पडली तर समोर बसून बोलतात. हे पूर्ण झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पहिल्या वर्षी एक्केचाळीस प्रस्ताव यातून गेले. नंतर संशोधकांना विचारलं तर 58 टक्के म्हणाले की यामुळे आमच्या प्रकल्पाची आखणीच बदलली, आणि ज्यांनी उत्तरं दिली ते सगळे म्हणाले की परत यातून जायची आमची तयारी आहे. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, निधी देणाऱ्यांच्याच माणसांना सांगितलेलं आहे, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे घेऊ नका. तरी दोन्हीतला फरक बघा, लोक तेच, विषय तोच, फक्त प्रश्न विचारायची वेळ बदलली आणि समोर उत्तर देणारं कुणीतरी बसलं.

याने सगळं सुटतं असं नाही. मोठी मॉडेल आता विद्यापीठात नाही तर कंपन्यांत बनतात, तिथे कॉन्फरन्सला पेपर पाठवायचाच नसेल तर कुणाची चेकलिस्ट आणि कुठली कमिटी. स्टॅनफर्डकडे वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक एका आवारात आहेत, आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात समाजशास्त्राचा माणूसच नसतो. पण त्यासाठी फार काही लागतं असंही नाही. शेजारच्या आर्ट्स कॉलेजातल्या एका मॅडमना चहाला बोलवून प्रस्ताव वाचायला दिला तरी बरंच कळतं, हे अनुभवाने सांगते.

कारण पुढच्या कामात आम्ही तेच केलं. वऱ्हाडी आणि झाडीबोलीतलं बोलणं रेकॉर्ड करून मशीनला ते ऐकायला शिकवायचं असं काम होतं, कारण फोनमधलं व्हॉइस टायपिंग भंडाऱ्याच्या माणसाचं मराठी ऐकून गोंधळतं. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी एक पान लिहिलं, यात कुणाचं काय वाईट होऊ शकतं, आणि त्या मॅडमना दिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, एखाद्याला नंतर वाटलं की माझा आवाज काढून टाका, तर काढता येईल का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या आखणीत सगळ्यांची रेकॉर्डिंग तुकडे करून एकत्र मिसळणार होती, नाव-गाव काही ठेवायचं नाही, खासगीपणा जपायला म्हणून, आणि त्यामुळेच एकदा मिसळल्यावर कुणाचं कुठलं ते आम्हालाही कळलं नसतं. मग बदललं, प्रत्येकाला एक नंबर, तो नंबर लिहिलेली चिठ्ठी त्या माणसाकडे, नावाची यादी आमच्याकडे कागदावर कुलपात. चार दिवस जास्तीचे गेले.

तिसऱ्या आठवड्यात एका आजींचा फोन आला. त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये बोलता बोलता भाऊबंदकीतल्या जमिनीच्या वादाची हकीकत नावानिशी सांगितली होती आणि घरी गेल्यावर सुनेने त्यांना म्हटलं, आई हे कुठे जाईल काय माहिती. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर वाचून दाखवला. त्यांची चाळीस मिनिटांची सगळी रेकॉर्डिंग फोन चालू असतानाच काढून टाकली, त्यांना तसं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, मग उद्या या परत, आता मी भाताच्या रोवणीचं सांगते.